दोन डबे आणि शेजाऱ्याचा हक्क

रमजानमध्ये इफ्तारनंतर दस्तरखान आवरताना आमच्या घाटकोपरच्या घरात एकच पिशवी भरायची. कलिंगडाची सालं, खजुराच्या बिया, हाडं, चहाचा चोथा आणि त्यातच दुधाच्या पिशव्या, सरबताची बाटली. गाठ मारून दाराबाहेर ठेवली की आमच्यापुरता कचरा संपला.

एकदा वर्गात स्वच्छतेचा धडा चालू असताना एका मुलीने विचारले, "पण मग हा कचरा जातो कुठे?" उत्तर आम्हाला ठाऊक होते, तरी सांगताना जीभ अडखळली.

मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडत आला. गोराईचे डम्पिंग बंद झाले, २०१८ मध्ये मुलुंडचेही. मग भार कांजूरमार्गवर आला. देवनारच्या डोंगराला लागून गोवंडीची वस्ती आहे. तिथे आपलीच माणसे राहतात. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली. धूर इतका, की आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजला की मिथेन वायू तयार होतो आणि तो आग भडकवतो. म्हणजे त्या धुरात आपल्या दस्तरखानावरची सालंही होती.

त्याच वर्षी केंद्राच्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. २ ऑक्टोबर २०१७ पासून मुंबई महापालिकेने मोठ्या सोसायट्या आणि रोज १०० किलोहून जास्त कचरा करणारी हॉटेले यांना ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायला सांगितले.

"गाडीत सगळे एकत्रच टाकतात, मग आपण कशाला वेगळे करायचे?" असे शेजारच्या भाभी म्हणतात. काही ठिकाणी तसे होतेही. पण वेगळा दिलेला कचरा एकत्र केला, तर आपण तक्रार करू शकतो. एकत्रच दिला, तर बोलायला तोंड राहत नाही.

काम फार नाही. हिरव्या डब्यात उरलेले अन्न, सालं, हाडं, अंड्याची टरफलं. निळ्या डब्यात कागद, काच आणि धुतलेले प्लास्टिक. डायपर, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे. खत करायचे असेल, तर ओल्या कचऱ्यावर तेवढाच सुका पालापाचोळा टाकावा आणि अधूनमधून हलवावे. हवा मिळाली की वास येत नाही.

शेजाऱ्याचा हक्क आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो, पण शेजारी मोजताना भिंतीपलीकडेच थांबतो. आपली पिशवी जिथे उघडते, तिथे उघड्या हातांनी ती चिवडणारी बाईही आपली शेजारीण आहे. आमच्या घरी आता दोन डबे आहेत. तुमच्या घरी आज रात्री दुसरा डबा ठेवून पाहा.