फुकट कारंज्याचं बिल

अमेरिकेत मूल नोकरीला असलेल्या मराठी घराची ट्रिप ठरलेली असते. लॉस एंजेलिस, ग्रँड कॅनियन आणि मध्ये दोन रात्री लास वेगास. "आपण काही खेळणार नाही, नुसतं बघायचं," हे तिकिटं काढतानाच बोलून झालेलं असतं. मीही बोललो होतो. सोबत आई-बाबा, ताई, भावजी आणि आठ वर्षांचा भाचा. मोबाइलमध्ये यादी: बेलाजिओचं कारंजं, तिथलीच फुलांची बाग, फ्लेमिंगोतले रोहित पक्षी, सर्कस सर्कसमधल्या कसरती. सगळं फुकट. परत आल्यावर फॅमिली ग्रुपवर लिहायचं, "एक डॉलरही हरलो नाही."

माझं भांडण या अभिमानाशी आहे.

कारंजं बघताना आईने विचारलं, "वाळवंटात एवढं पाणी उडवायचं, आणि तिकीट नाही? परवडतं कसं यांना?" आठ एकरांचं तळं, बाराशेहून जास्त फवारे. बाबा म्हणाले, "श्रीमंत देश आहे." मी गप्प बसलो. उत्तर मला पाठ होतं, कारण माझा पगार त्याच उत्तरातून येतो. ॲप फुकट द्या, लाखो लोक आत आणा, बहुतेक काहीच देणार नाहीत, पण थोडे जण देत राहतील आणि त्यातले मोजके स्वतःला आवरू शकणार नाहीत. अशा गिऱ्हाइकाला आमच्याकडे 'व्हेल' म्हणतात. हा शब्द आम्ही कॅसिनोवाल्यांकडूनच उचललाय.

मग बाग. रस्त्यावरून चालत गेलात तर वाट कॅसिनोतून जाते. भाचा वाटेत एका मशीनसमोर थबकला. स्क्रीनवर रंगीत प्राणी उड्या मारत होते, त्याच्या टॅबवरच्या गेमसारखेच. सुरक्षारक्षक अगदी नम्रपणे म्हणाला, पुढे चला. नेवाडात 21 वर्षांखालच्यांना खेळायच्या जागेतून जाता येतं, रेंगाळता येत नाही. म्हणजे पोराने थांबावं असं मशीन बनवायचं आणि थांबला की हाकलायचं.

ही मशीन्स कशी बनतात यावर मानववंशशास्त्रज्ञ नताशा शुल यांचं 2012 सालचं पुस्तक आहे, 'ॲडिक्शन बाय डिझाइन'. माझ्या पेशातल्या प्रत्येकाने ते वाचावं, लाज वाटेपर्यंत. तुम्ही डॉलर लावता, तीस सेंट परत येतात, म्हणजे सत्तर सेंट गेले. पण दिवे चमकतात, संगीत वाजतं, जिंकल्यासारखंच. रूलेटचं तर सरळ गणित आहे. 36 आकडे आणि एक शून्य असेल तर कॅसिनोचा वाटा 2.7 टक्के. अमेरिकेत दोन शून्यं असतात, म्हणून 5.26. आता स्ट्रिपवर तीन शून्यांचीही टेबलं आहेत, तिथे 7.69. बक्षीस मात्र तेच, एकास पस्तीस. खेळ तोच ठेवून नुसतं एक शून्य वाढवायचं. असा फीचर आमच्या कुठल्याही प्रॉडक्ट मॅनेजरला आवडेल.

"खेळणारे खेळतील, आपण बघितलं तर काय बिघडलं?" हे भावजी. बिघडतं ते असं की आपण तिथली सजावट होतो. 1993 मध्ये एमजीएम ग्रँड थीम पार्कसकट उघडलं, ट्रेझर आयलंडच्या दारात चाच्यांची लढाई सुरू झाली. पोरंबाळं आणि आज्या फिरताना दिसल्या की जुगाराचा अड्डा जत्रा वाटायला लागतो. थीम पार्क दहा वर्षंही टिकला नाही. एमजीएमचे सिंह 2012 मध्ये गेले, चाच्यांची जहाजं 2013 मध्ये थांबली, मिराजचा ज्वालामुखी जुलै 2024 मध्ये हॉटेलसोबतच विझला. फुकटची गोष्ट तिचा हिशोब जमेपर्यंतच.

आणि आपण काही दिलं नाही, हेही खोटं. हॉटेलच्या भाड्यावर रोजची रिसॉर्ट फी दिली, पार्किंगचे दिले, पाण्याच्या बाटलीचे किती दिले ते आईला अजून सांगितलेलं नाही. आज स्ट्रिपवरच्या मोठ्या कॅसिनो-हॉटेलांची निम्म्याहून जास्त कमाई जुगाराबाहेरून येते. उरलेली पहाटे चार वाजता मशीनसमोर बसलेल्या माणसाकडून. तो मला लिफ्टकडे जाताना दिसला होता, हातात सिगारेट, स्क्रीनवरून नजर न हलवता. आमच्या कारंज्याचं तिकीट त्याने काढलं होतं.

हे इतकं लांबचं नाही. पणजीला मांडवीकाठी संध्याकाळी फिरताना बोटींचे दिवे बघून आपण फोटो काढतोच. तिथे 2020 पासून गोवेकरांनाच कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. घरच्यांना नको, पाहुण्यांना चालेल. हे पाहुणे कोण, ते पुण्याहून सुटणाऱ्या शुक्रवारच्या रात्रीच्या बसेस बघून ओळखा.

परवा ऑफिसमधल्या एका मित्राने यादी मागितली, त्याचे आई-बाबा येतायत. मी पाठवली. फक्त ओळी वाढवल्या: कारंजं फुटपाथवरून दिसतं, आत जायची गरज नाही. बाग बघायचीच असेल तर गाडी मुख्य दरवाज्यापर्यंत न्या, लॉबीतून सरळ बागच लागते. आणि काकूंनी विचारलं की यांना परवडतं कसं, तर गप्प बसू नकोस.