खाणावळीतली उधारी

आज १६ ऑक्टोबर, जागतिक अन्न दिन. १९४५ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना स्थापन झाली. आठवडाभरापूर्वीच, २ ते ८ ऑक्टोबर या काळात, देशभर दान उत्सव पार पडला. या पंधरवड्यात मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांचे कर्मचारी एकाच रंगाचे टी-शर्ट घालून वस्त्यांसाठी तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ यांच्या पिशव्या भरताना दिसतात. आठवडाभर लोकलची गर्दी आणि कामाचा रेटा सोसल्यावर हक्काची सुट्टी यासाठी देणे सोपे नाही. त्या हातांबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच आज त्यांच्याशी बोलायचे आहे.

यांपैकी अनेकांची कार्यालये लोअर परळच्या उंच इमारतींत आहेत. तिथे एकेकाळी गिरण्या होत्या. कोकणातून आणि घाटावरून एकटा आलेला कामगार पाळी संपली की जेवायचा तो चाळीतल्या खाणावळीत. एखादी बाई आपल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात पहाटेपासून चूल-स्टोव्ह पेटवून माणसे जेवू घालायची आणि हिशेब व्हायचा पगाराच्या दिवशी. सत्तरच्या दशकात गिरण्यांचा संप लांबला. पगार थांबले, पण या बायकांनी ताटे थांबवली नाहीत. वाण्याकडची उधारी वाढली, सावकाराचे व्याज चढले, तरी संपकरी उपाशी राहिला नाही. कर्जात रुतलेल्या या बायकांना गोवा मुक्तिसंग्रामात लढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये एकत्र आणले, त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले.

कामगाराच्या भुकेची काळजी वस्तीने कशी वाहिली, याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. त्या बाईला कोण रात्रपाळीचा, कोणाला तिखट सोसत नाही, कोण दोन दिवस फिरकलाच नाही, हे सगळे माहीत असे. भूक रोज लागते, म्हणून ती रोज स्वयंपाक करी. आजच्या स्वयंसेवकाने तिच्याकडून घ्यावे ते हे रोजचेपण आणि ही ओळख.

कायदा इथे एका मर्यादेपर्यंत पोचतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वर गेलेल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत पहिल्याच कलमात भूक, दारिद्र्य आणि कुपोषण यांच्या निर्मूलनाचा उल्लेख आहे. मात्र कर्मचाऱ्याने दिलेल्या तासांची किंमत लावून ती या खर्चात धरता येत नाही. आम्हाला ही तरतूद फार मोलाची वाटते. पैसा कंपनीचा असेल, पण दिलेला वेळ त्या माणसाचा स्वतःचाच राहतो. तो कुठे द्यायचा, हे त्यानेच ठरवायचे आहे.

आमचे म्हणणे असे की तो रेशनच्या दुकानापाशी द्यावा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क आहे. पाच माणसांच्या घराला पंचवीस किलो. दान उत्सवात मिळालेली पिशवी काही दिवसांत संपते. रेशन कार्डावरून गळलेली दोन नावे परत चढली, तर दर महिन्याला दहा किलो धान्य घरात येते. आणि ही नावे गळतात ती बारीकसारीक कारणांनी. आयुष्यभर विटा-सिमेंट उचललेल्या माणसाच्या अंगठ्याचे ठसे झिजतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही. आधारवरचे नाव आणि कार्डावरचे नाव जुळत नाही. ओळख पटवायची ई-केवायसी आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही करता येते, पण घरात तसा मोबाइलच नसतो. जालन्याहून बांधकामावर आलेल्या बाईला आपल्या गावच्या कार्डावर मुंबईतल्या दुकानातही धान्य मिळते, हे कोणी सांगितलेलेच नसते. जो दिवसभर संगणकावर नोंदी जुळवतो, अर्ज तपासतो, तक्रारीचा पाठपुरावा करतो, त्याच्या हातचे हे काम आहे. त्यासाठी त्या बाईशेजारी तासभर बसावे लागेल आणि काम झाले नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे लागेल.

कंपनीच्या कँटीनमध्ये उरलेल्या अन्नाचेही तसेच. मुंबईच्या दमट हवेत शिजवलेले अन्न काही तासांत आंबते, त्यामुळे इच्छेइतकेच वेळेचे गणितही जमावे लागते. २०१५ मध्ये डबेवाल्यांनी लग्नसमारंभांत उरलेले अन्न भुकेल्यांपर्यंत पोचवायला रोटी बँक सुरू केली, कारण हे गणित त्यांच्या अंगात मुरलेले होते. मालवाहतुकीचे वेळापत्रक आखणारी माणसे आपल्या कंपन्यांतही आहेत.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरांतली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एका राज्याची ही मुले आहेत. ही खुंटलेली वाढ एका दिवसाच्या जेवणाने भरून निघत नाही. मुलाला जेवण महिनोन् महिने मिळावे लागते, आणि त्यासाठी वस्तीतली अंगणवाडी नीट चालावी लागते.

एक विनंती छायाचित्रांबद्दल. पिशवी घेताना मान खाली घालणाऱ्या आईचा फोटो कंपनीच्या अहवालात छापू नका. खाणावळीतल्या त्या बाईने उधारीवर जेवणाऱ्याला कधी चारचौघांत उभे केले नव्हते.

कंपन्यांच्या व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांना दर महिन्याला कामाच्या वेळेतले चार तास यासाठी द्यावेत. आणि कर्मचारी मित्रांनो, तुमच्या कार्यालयाजवळचे एक रेशन दुकान आणि एक अंगणवाडी शोधा. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तिथे जा. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पुन्हा तिथेच जा.