आधी प्रश्न नीट विचारा

उत्स्फूर्त नाट्याच्या शिबिरांत प्रेक्षकांकडून सूचना मागण्याचा सराव आता रुळला आहे. 'एक जागा सांगा' म्हटले की बसस्थानक, दवाखाना, पोलीस ठाणे अशी उत्तरे येतात आणि त्यांवरचे प्रवेश नटाच्या डोक्यात आधीच तयार असतात. मग सूचना केवळ निमित्त ठरते. हा दोष प्रेक्षकांचा नाही, आपल्या प्रश्नाचा आहे. शिकागोच्या 'कंपास प्लेयर्स' या मंडळीने १९५५ पासून प्रेक्षकांच्या सूचनांवर प्रवेश उभे केले, पण या कामाची त्याहून कडक शिस्त आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडात होती. तिथे एका पक्षाचा सवाल दुसऱ्याला पेचात टाकायचा. जवाब त्या सवालाला धरून आहे की नाही, याची पारख ऐकणारे करत. तमाशातल्या बतावणीतही सोंगाड्याचा हजरजबाबीपणा गावच्या विषयावरच खुलतो.

बिलोलीसारख्या तेलंगणाच्या सीमेवरच्या गावात मराठीबरोबर तेलुगू आणि उर्दूही कानावर पडते. अशा प्रेक्षकांना जागा कशाला विचारायची? 'या आठवड्यात बाजारात कशावरून वाद ऐकलात?' असे विचारा. उत्तर तेलुगूत आले, तर तो शब्द तसाच ठेवा. नटाने तो मोठ्याने परत म्हणावा, सांगणाऱ्याकडून अर्थ समजून घ्यावा आणि मगच प्रवेशाला हात घालावा. शेवटी त्याच माणसाला विचारावे, 'तुम्ही सांगितले ते यात उरले का?' हा शेवटचा प्रश्न बहुतेक शिबिरांत गाळला जातो, आणि सरावाचा कस तर तिथेच लागतो, कारण नट ऐकायला शिकला की फक्त बोलायला, हे तिथे उघडे पडते.

अशा प्रश्नांनी हशा कमी होईल, नवखा नट अडखळेल, असा आक्षेप येतो. अडखळू द्या; तो थांबतो तेव्हा विचार करत असतो, आणि ओळखीच्या वादावरचा हशा उसन्या विनोदापेक्षा जास्त टिकतो. पुढच्या रांगेतली पोरे आरडाओरडा करतात, अचकटविचकट सुचवतात, मागे बसलेल्या बायका गप्प राहतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर आधी चिठ्ठ्या लिहून घ्याव्यात, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शेजाऱ्याने लिहावे, आणि सूत्रधाराने अश्लील चिठ्ठी निःसंकोच बाजूला ठेवावी. नटाने चिठ्ठी आधी वाचलेली नसली की उत्स्फूर्ततेला धक्का लागत नाही. पुढच्या शिबिराआधी प्रशिक्षकांनी आपल्या तालुक्यापुरते दहा प्रश्न लिहून काढावेत, आणि 'एक जागा सांगा' हा त्यांत नसावा.