बंब तालुक्याला, आग गावात

उन्हाळ्यात गोठा किंवा कडब्याची गंजी पेटली की गावात एकच प्रश्न, बंब कुठून येणार? बंब असतो नगरपरिषदेकडे, नाहीतर साखर कारखान्यावर. ग्रामपंचायतीकडे तो सहसा नसतोच. लांबून येईपर्यंत बऱ्याचदा राखच उरते.

जखमींसाठी १०८ आहे. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह राज्यात ही सेवा सुरू झाली. गाडीत डॉक्टरही असतो. पण जवळची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली असेल, तर वाट बघावीच लागते.

म्हणजे पहिला अर्धा तास गावालाच निभवायचा आहे. बंबाचा आणि वायरमनचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हवा. पाण्याचा टँकर, फवारणीचा ब्लोअर कोणाकडे आहे, याची यादी हवी. गंजी वीजतारांखाली, गोठ्याला खेटून रचू नये. येत्या ग्रामसभेत एवढं तरी ठरावं.