मामा, निन्जा आणि पंधरा शेळ्या

मध्यंतरी धर्माबादला ताईकडे गेलो होतो. भाचेबुवा फोनवरच्या निन्जांच्या गेममध्ये अगदी गढून गेलेले! जुना जपान, डोंगरावर किल्ला आणि आपले चार निन्जा. यात धडाधड बटणं दाबून भागत नाही बरं का. आपण आपली माणसं हलवायची, मग शत्रूची पाळी. तोवर हवा तेवढा विचार करा, बुद्धिबळासारखा.

पण आमच्या वीराला दम कुठला? पहिल्याच पाळीला तलवार उपसली! दुसऱ्या पहारेकऱ्याने पाहिलं, आरडाओरडा झाला, चौघेही खलास. असं लागोपाठ सातव्यांदा. आतून ताई ओरडली, "ठेव की रे तो फोन! परवा पेपर आहे."

मी म्हटलं, "अरे, निन्जा म्हणजे आधी हेर." काळा पोशाख बराचसा नाटक-सिनेमांतला. खरे निन्जा भिक्षू, व्यापारी बनून फिरत आणि खबर काढत. इगा प्रांतातल्या या मंडळींची विद्या १६७६ साली एका ग्रंथात उतरवली गेली. म्हणजे आपल्या शिवरायांचाच काळ! १६६४ च्या सुरत स्वारीआधी तिथली खबर आणली बहिर्जी नाईकांनी. १६७३ साली कोंडाजी फर्जंदांनी फक्त साठ मावळे घेऊन रात्रीतून पन्हाळा घेतला. आता साठ माणसांनी एवढा गड घ्यायचा, तर नुसती तलवार पुरेल का?

भाच्याला हे पटलं नाही. पटवलं ते त्याच्या आजीने. आजी निजामाबादकडची. धर्माबाद ओलांडलं की तेलंगणच, त्यामुळे या घरात मराठीइतकीच तेलुगूही चालते. ती फोनमध्ये डोकावून म्हणाली, "हा तर आमचा पुली-मेकाच की!" आणि खडूने फरशीवर पट आखला. तीन वाघ, पंधरा शेळ्या. वाघ शेळीवरून उडी मारून तिला खातो. शेळीला मारता येतच नाही, तिने फक्त वाट अडवायची.

भाच्याने अर्थातच वाघ घेतले. चार शेळ्या मटकावल्या, टाळ्या पिटल्या. आजी गप्प. एकेक शेळी सरकवत राहिली. थोड्या वेळाने पाहतो तर तिन्ही वाघ जागच्या जागी अडकलेले! स्वारीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग पुन्हा फोन. आठवा डाव. पहिल्या तीन पाळ्या चौघे निन्जा झुडपात गप्प. पहारेकरी किती पावलं जातो, कुठे वळतो, भाचा बोटांवर मोजत होता. मीही श्वास रोखून पाहत होतो.

चौथ्या पाळीला मागून एक हात आला आणि फोन गेला. ताईची चाहूल आम्हा दोघांनाही लागली नव्हती.