दिवेलागणीची वेळ

सांगली जिल्ह्याच्या कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव नांवाचें सुमारें ३,००० वस्तीचें गांव आहे. करोनाच्या सांथींत शाळा बंद पडल्या व धडे मोबाईलवरून येऊं लागले. पुढें शाळा उघडल्या, परंतु मुलांच्या हातांतील मोबाईल कांहीं सुटेना. तेव्हां गांवानें एकत्र बसून विचार केला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नियम घातला. सायंकाळीं ७ वाजतां देवळावरचा भोंगा वाजला कीं घरोघरचे मोबाईल व टीव्ही बंद करावयाचे, ते साडेआठाचा दुसरा भोंगा होईपर्यंत. मुलांनीं अभ्यास करावा, वडील माणसांनीं वाचावें, बोलावें. ही कल्पना निघाली तेव्हां पुरुषमंडळींनीं ती प्रथम हंसण्यावारी नेली. मग बायकांची सभा भरली. मालिकांचें वेड आपणांसही लागत आहे असें त्यांनीं मोकळेपणानें कबूल केलें, आणि त्यांच्या होकारानें काम मार्गीं लागलें.

यांतील मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. खोड मुलांत दिसली, पण नियम वडिलांसही लागू झाला. आमच्या करवीरास ही रीत नवी नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१७ सालीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, तेव्हां मूल शाळेंत न धाडल्यास महिना एक रुपया दंड ठेविला, तो आईबापांस, मुलास नव्हे.

हें आम्ही सांगतों, पण आमचेंच घर यांत चुकलें होतें. आमचा धाकटा नातू अडीच वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडून बोलेना. डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं कान तपासले, ते उत्तम होते. मग त्यांनीं विचारलें, "घरांत याच्याशीं बोलतें कोण?" घरांत वडील माणसें सहा, पण उत्तर कोणासच सुचेना. सुनेनें मान खालीं घातली. वास्तविक ती आम्हीं घालावयास हवी होती. घास भरवितांना त्याच्यापुढें मोबाईल धरण्याची संवय आम्हींच लाविली होती. ज्यानें हयातभर परक्यांच्या मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं, त्याच्याच मांडीवर मूल मुकें बसत होतें.

लहान मूल केवळ कानानें भाषा शिकत नाहीं. तें कांहीं बोबडें बोलतें, आई त्याच्या तोंडाकडे पाहून तोच शब्द नीट उच्चारते, तें पुन्हां प्रयत्न करितें. या देवघेवींतून वाणी फुटते. यंत्र अखंड बोलतें, पण मुलाचा शब्द ऐकावयास थांबत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें तें हेंच: एक वर्षाच्या आंतील मुलास पडदा दाखवूं नये, दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसांत एका तासाहून अधिक नको, आणि कमी तितकें बरें.

मोबाईल टाकून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. परदेशीं गेलेल्या लेकीचें तोंड आज त्यांतच दिसतें. सांथींत शाळाही त्यानेंच घरीं आणिली. प्रश्न वेळेचा आहे. पूर्वीं दिवेलागणीस घरोघर परवचा चाले. त्याचा लाभ पावकी-निमकीपुरता नव्हता. मुलाचें म्हणणें ऐकावयास कोणी वडील माणूस समोर बसे, हा मोठा लाभ होता.

आम्हीं घरीं तीच वेळ ठरविली. दिवा लागला कीं सहाही मोबाईल माजघरांतल्या कोनाड्यांत ठेवावयाचे, ते पानें उचलल्यावर घ्यावयाचे. पहिले चार दिवस नातवानें रडून घर डोक्यावर घेतलें. खरें सांगावयाचें तर कोनाड्याकडे त्याच्याहून अधिक वेळां आमची दृष्टि जाई. आज दोन महिने झाले. आतां तो निरांजनाकडे बोट करून "आबा, हें काय?" असें विचारतो, एका निरांजनाविषयीं दहादां विचारतो, आणि दहाही वेळां उत्तर द्यावें लागतें.

आपल्या घरीं देवळाचा भोंगा ऐकूं येणार नाहीं. म्हणून घरांतल्या सर्वांत वडील माणसानें आपला मोबाईल प्रथम कोनाड्यांत ठेवावा, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.