सतरा सप्टेंबरनंतर गुरुजींचे काय?

सप्टेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की बीड जिल्ह्यातल्या निवृत्त शिक्षकांचे फोन वाजू लागतात. शाळेला मुक्तिसंग्रामावर व्याख्यान हवे असते. महाविद्यालयाला वक्तृत्व स्पर्धेसाठी परीक्षक हवा असतो, वाचनालयाला ग्रंथप्रदर्शनाच्या उद्घाटनाला कुणीतरी जाणता माणूस. ज्येष्ठ नागरिक संघाला नुसते ‘दोन शब्द’ पुरतात, पण ते अर्ध्या तासाचे. गणपतीही बहुधा याच सुमारास बसलेले, म्हणजे मंडळांचे प्रबोधन आले. शिवाय गावात सप्ताह असला तर पंगतीची यादी गुरुजींकडेच. नोकरीत असताना निदान रविवार तरी मोकळा मिळत होता, असे घरचे म्हणतात ते खोटे नाही.

17 तारखेला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सकाळी ध्वजारोहण होते, प्रभातफेरी निघते, सत्कार होतो. 18 तारखेपासून फोन गप्प. घरात शालींची चळत तेवढी वाढलेली असते.

ज्या माणसाला जिल्ह्याचा इतिहास गल्लीबोळासकट पाठ आहे, त्याला वर्षातून एकदा हार घालून घरी पाठवणे हा उधळेपणा आहे. पैशांची उधळपट्टी निदान लेखापरीक्षणात सापडते, ही तिथेही सापडत नाही.

या मंडळींकडे आहे तरी काय? अंबाजोगाईचेच घ्या. निजामाच्या राज्यात या गावाचे नाव मोमिनाबाद होते. 1930 च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे इथल्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते, आणि 1938 मध्ये स्वामीजी इथूनच हैदराबादच्या सत्याग्रहाकडे वळले. पाठ्यपुस्तकात मुक्तिसंग्राम येतो तो कासीम रझवी, सरदार पटेल आणि 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई एवढ्यापुरता. त्याची एक मुळी आपल्याच तालुक्याच्या शाळेतून निघाली होती, हे अंबाजोगाईच्या पोराला कुणीतरी सांगावे लागते. तो ‘कुणीतरी’ सहसा सत्तरी ओलांडलेला असतो.

त्याच गावात खोलेश्वराचे मंदिर आहे. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. तिथल्या शके 1162 च्या, म्हणजे 1240 च्या शिलालेखात एका घराची हकिकत आहे. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत मारला गेला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारले. शिलालेखासमोर उभे राहून एखाद्या जाणत्या माणसाने हे समजावून दिले, की सातवीतल्या मुलीला यादव काळ म्हणजे सनावळ्या आणि वंशावळ वाटेनाशी होते. राजाने बांधलेली देवळे तिने पुष्कळ ऐकलेली असतात. बहिणीने भावासाठी बांधलेले देऊळ तिच्या ध्यानात राहते.

बीड शहराजवळची खजाना विहीर अशीच. मुर्तजा निजामशाहाच्या काळात, 1582 च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवून घेतली. बांधकाम राजा भास्कर याचे. जमिनीखालच्या नळांतून विहिरीत पाणी येते आणि दुसऱ्या नळाने बाहेर पडून पुढच्या शेतांना मिळते. त्या भिजणाऱ्या शिवाराला लोक आजही बलगुजार म्हणतात. टँकरच्या रांगा पाहत वाढलेल्या मुलांना ही विहीर फक्त सहलीत दाखवून कसे चालेल? तो भूगोलाचा, विज्ञानाचा आणि जमलेच तर नागरिकशास्त्राचाही तास आहे.

राक्षसभुवनाच्या 10 ऑगस्ट 1763 च्या लढाईचे एवढे सविस्तर सांगायला नको, तिच्यावर बोलणारे गेवराई तालुक्यात पुष्कळ आहेत. मात्र वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी बीडच्या पाटांगणात मिळाली आणि 1909 मध्ये त्यांनी ती छापली, हे बीडमध्येच किती जणांना ठाऊक आहे? काझी मुहम्मद कुतबुल्लाह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उर्दूत ‘तारीख-ए-बीड’ लिहिला, हे तर त्याहून कमी जणांना.

हा शेवटचा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही. 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांतले निजामकालीन दप्तर बाहेर आले. कागद उर्दूत आणि मोडीत. मराठा आरक्षणाचा वाद ज्याला जसा दिसतो तसा दिसो, पण कागद वाचायला माणूसच नाही ही अडचण सर्वांना सारखी दिसली. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्यांनी 1948 पूर्वी शाळेत उर्दू गिरवली ते आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यासमोर दोन विद्यार्थी वेळीच बसवले असते, तर ही धावपळ पडली नसती.

निवृत्तीनंतरचे काम म्हणजे वेळ घालवणे, हा समज मराठी इतिहासलेखनानेच कधीचा खोडून काढला आहे. गोविंद सखाराम सरदेसाई 1925 मध्ये बडोद्याच्या नोकरीतून बाहेर पडले तेव्हा साठीला आले होते. पेशवे दप्तराचे 45 खंड त्यानंतरचे, आणि मराठ्यांचा इंग्रजीतला तीन खंडांचा इतिहास त्याच्याही नंतरचा. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या चाकरीत गोंडी आणि कोलामी शिकले. फारसी साधने मराठीत आणण्याचे त्यांचे काम निवृत्तीनंतरही चालूच राहिले. प्रत्येक निवृत्त मास्तर सरदेसाई होणार नाही, तशी गरजही नाही. आपल्या गावच्या वीरगळांची नोंद केली, एखाद्या घरातले मोडी कागद उतरवून घेतले, तरी जिल्ह्याचे काम झाले.

आता थोडे वक्त्यांनाही ऐकवायला हवे. बीडला जटाशंकर मंदिर आहे आणि जटायू इथेच पडला असे लोक मानतात. ही कथा जरूर सांगावी, पण कथा म्हणूनच. तिच्यापाठोपाठ त्याच सुरात शिलालेख आला की ऐकणाऱ्याला दोन्ही एकाच तोलाचे वाटतात. भाषणाचा निम्मा वेळ स्वतःच्या नोकरीतल्या आठवणींना दिला, तर मागच्या रांगेतल्या पोरांनी मोबाइल काढला म्हणून रागावण्यात अर्थ नाही. आणि बोललेले लिहून ठेवले नाही, तर पुढच्या वर्षी तेच भाषण थोडे अधिक फुगलेले येते.

पण खरी चूक वेळापत्रकाची आहे. दसरा-दिवाळीच्या पुढेमागे बीड जिल्ह्यातली कोयत्याची कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबून चालत नाही. मग पाच-सहा महिने कितीतरी गावांत म्हातारी माणसे उरतात आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडे. काही मुले हंगामी वसतिगृहात जेवतात. संध्याकाळी त्यांच्याकडे भरपूर वेळ असतो आणि गोष्टी सांगायला कुणी येत नाही. गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा दोघेही याच महिन्यांत गावात रिकामे असतात. आपण मात्र सगळी व्याख्याने सप्टेंबरात उरकून मोकळे होतो.

यासाठी नवी योजना काढायची गरज नाही. 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, त्याखालच्या 65 पर्यंतच्यांना अर्धे तिकीट. म्हणजे गुरुजी गेवराईहून अंबाजोगाईला खर्चाची फारशी चिंता न करता जाऊ शकतात. वसतिगृहाने आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी. शाळेने दुपारची एक तासिका आणि वाचनालयाच्या कपाटाची किल्ली द्यावी. एका शिक्षकाने फोनवर बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे, नववीतल्या मुलांनी ते वहीत उतरवावे, आणि वहीची एक प्रत जिल्हा ग्रंथालयात जमा व्हावी. प्रास्ताविक आणि आभारप्रदर्शन वगळले तर तासाभरात सगळे बसते. कारखान्यांचे बॉयलर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात. तेव्हा हे वेळापत्रक गणपती उठायच्या आत मुख्याध्यापकांच्या टेबलावर असायला हवे.